एकच ऑफिस, एकच पद. मग ग्रीन कार्डची रांग वेगळी का?

समजा, अमेरिकेतल्या एका कंपनीत दोन मराठी इंजिनिअर आहेत. पदवी सारखी, पद सारखं, ग्रीन कार्डचा अर्जही एकाच दिवशी. फरक एवढाच, एकाचा जन्म पुण्याचा आणि दुसऱ्याचा दुबईचा. दुबईत जन्मलेल्याचा नंबर काही वर्षांत लागू शकतो. पुणेकराला मात्र कित्येक दशकं थांबावं लागू शकतं.

असं का होतं?

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड देते. त्यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. १९९० च्या कायद्यानुसार एका देशाच्या वाट्याला सहसा ७ टक्क्यांहून जास्त कार्ड जात नाहीत. आणि देश ठरतो जन्मावरून, पासपोर्टवरून नाही. म्हणजे १४० कोटींच्या भारताला आणि चार लाखांच्या आइसलँडला मर्यादा एकच! इतरांची उरलेली कार्ड मोठ्या रांगेकडे वळतात, पण ती पुरत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात भारतीयांचा नंबर एप्रिल २०१३ पर्यंतच पोहोचला होता. बहुतेक इतर देशांचा डिसेंबर २०२३ पर्यंत.

यात सर्वाधिक भरडली जातात ती मुलं. वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की मूल पालकांच्या अर्जातून बाहेर पडतं. वयाच्या हिशोबात थोडी सवलत मिळते, पण इतक्या लांब रांगेत ती अपुरी पडते. मग दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर लहानपणापासून जिथे वाढलात तो देश सोडा.

मग मर्यादा काढून का टाकत नाहीत?

प्रयत्न झाला. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने असं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही वेगळ्या स्वरूपात ते मंजूर केलं. पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि कायदा झालाच नाही.

विरोधकांचा मुद्दाही पोकळ नाही. मर्यादा गेली, तर काही वर्षं बहुतेक कार्ड भारतीयांनाच मिळतील आणि इतर देशांच्या लोकांची रांग वाढेल.

थोडक्यात, जन्मस्थानावरून नंबर ठरवणं अन्यायाचं आहेच. पण फक्त मर्यादा काढल्याने एकही कार्ड वाढत नाही, थांबणारे तेवढे बदलतात. खरी अडचण १९९० पासून न बदललेल्या १ लाख ४० हजार या आकड्यात आहे. तो वाढवायचा की नाही, हे अमेरिकेची संसदच ठरवू शकते.