गाडी म्हणून भंगार, भंगार म्हणून विंटेज

‘‘सर, तुमची गाडी टोटल लॉसमध्ये गेलीये.’’

सोमवारी सकाळी साडेदहाला, ऐन टीम मीटिंगमध्ये हा फोन आला. आवाज इतका गोड की आधी वाटलं, क्रेडिट कार्ड विकतेय. डाव्या हाताचं प्लास्टर सांभाळत मी पॅन्ट्रीत गेलो आणि विचारलं, ‘‘म्हणजे मला किती मिळणार?’’

‘‘तीन हजार नऊशे, सर.’’

बॉस, एवढे पैसे तर टायर-ट्यूबमध्येच संपतात!

आधी गाडीची ओळख करून देतो. येझदी रोडकिंग, १९८६ ची. बाबांनी शोरूममधून कोरी आणली होती. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, दोन्ही बाजूंना सायलेन्सर, किक आणि गिअरची दांडी एकच. म्हैसूरच्या आयडियल जावाने बनवलेली. ही कंपनी १९९६ मध्ये बंद पडली. त्यांची जाहिरात होती, ‘फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू’. यातला ‘व्हॅल्यू’ हा शब्द जरा लक्षात ठेवा. २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं खरं, पण त्या फोर-स्ट्रोक गाड्या, त्यांचा एक नटही आमच्या बाईला चालत नाही.

तर पावसाळ्यातली संध्याकाळ, काशिमिरा सिग्नल. एका टेम्पोने इंडिकेटर न देता यू-टर्न मारला. मी ब्रेक दाबला, रस्ता ओला, पुढचं काय ते तुम्हाला कळलंच. टेम्पो पळाला. माझं मनगट मोडलं. गाडीचे पुढचे शॉकअप वाकले, रिम आठच्या आकड्यासारखी झाली, हेडलाइट फुटला, टाकी चेपली आणि एक सायलेन्सर कामातून गेला. काशीगावातला आमचा उस्ताद गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, ‘‘साहेब, इंजिन एकदम सेफ आहे. बाकी सेहेचाळीस हजार.’’

आता तीन हजार नऊशेचं गणित. माझ्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची जाहीर केलेली किंमत, होती अठरा हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी दुरुस्तीत पडत नाही, गाडी संपली असं धरते. गाडी आपल्याकडेच ठेवायची असेल तर सॅल्व्हेज, म्हणजे ती मोडकी गाडी विकून जे येतील ते, कापून घेते. आणि सर्व्हेअर साहेबांनी सॅल्व्हेज लावलं होतं चौदा हजार! वरून टू-व्हीलरचे सक्तीचे शंभर रुपये वजा.

मी फोन केला. ‘‘सर, धडधाकट गाडी अठरा हजारांची आणि मोडलेली चौदाची?’’

‘‘अहो, विंटेज आहे ना. पार्ट्सना डिमांड असते. गिऱ्हाइकं रांग लावतात.’’

‘‘मग अख्खी गाडी विंटेज नाही का?’’

‘‘ते पॉलिसीत लिहिलेलं नाही.’’

मी चिडलो. जाम चिडलो. रात्री एका हाताने टाइप करत नेट पालथं घातलं. आणि मंडळी, त्यातून जे निघालं ते ज्यांच्या पार्किंगमध्ये जुनी जावा, राजदूत किंवा आरएक्स हंड्रेड झाकून ठेवलेली आहे त्यांनी तरी वाचाच.

आपण ज्याला विंटेज म्हणतो त्याला कागदावर कोणीच विंटेज म्हणत नाही. सरकारच्या २०२१ च्या नियमांत गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. मग ‘व्हीए’ सिरीजचा नंबर मिळतो, पण ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतकंच. विम्याचं तर आणखी भारी. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये आधी ठरवलेली पक्की किंमत मिळायची ती फक्त विंटेज मोटारींना, आणि विंटेज म्हणजे १९४० संपायच्या आधी बनलेली, क्लबचं सर्टिफिकेट असलेली. मोटारसायकलचं तिथे नावही नाही.

मग आमच्या रोडकिंगची किंमत ठरवतं कोण? त्याच टॅरिफमध्ये घसाऱ्याचा तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, असं करत चौथ्या ते पाचव्या वर्षी पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर तक्ताच संपतो. तिथून पुढे आयडीव्ही म्हणजे कंपनी आणि गाडीवाला यांनी आपसात ठरवलेला आकडा. आणि टोटल लॉस झाला तर वर्षभर तोच आकडा बाजारभाव मानायचा.

सुप्रीम कोर्टानेही हे सांगितलंय. ओरिएंटल इन्शुरन्सच्या एका खटल्यात २००८ मध्ये कोर्ट म्हणालं की, रिन्युअलच्या वेळी कंपनीने स्वतः मान्य केलेल्या किमतीपासून तिला अपघातानंतर पळता येत नाही. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. सापडला मुद्दा!

मग हळूहळू बसलो. कारण आमच्या केसमध्ये ‘मान्य केलेली किंमत’ म्हणजे अठरा हजार. आणि ती मान्य केली होती मी. रिन्युअलच्या स्क्रीनवर आयडीव्हीची ती सरकपट्टी असते ना, मी ती डावीकडे खेचली होती. प्रीमियम हजारेक रुपयांनी खाली आला. वीकेंडचा एक पिझ्झा आणि सिनेमा सुटला म्हणून खूश होतो मी.

हे बाबांना सांगायचं राहिलं होतं. सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘अठरा हजार? अरे, गेल्या वर्षी क्रोम आणि रंगालाच बावीस घातलेत मी,’’ एवढंच बोलले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सर्व्हेअरने गाडीला भंगार म्हटल्यावर त्यांना राग आला होता. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणजे आयडीव्हीवर भांडण नाही. ते मी रिन्युअलच्या रात्रीच हरलो होतो. पण सॅल्व्हेज? तो आकडा कुठे कोणी मान्य केला होता? इथे २००९ चा दुसरा निकाल कामी आला. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा, पण तो काही शेवटचा शब्द नाही, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलंय. मी सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागितली. चौदा हजारांची ऑफर कोणी दिली, कधी दिली, लेखी आहे का, ते विचारलं. रिपोर्टमध्ये त्याचा पत्ताच नव्हता. ज्या गिऱ्हाइकांची रांग लागणार होती त्यातलं एकही कागदावर नाही!

मग प्लास्टरसकट निघालो. काशीगाव ते भाईंदर, जुन्या गाड्या घेणारे तिघे गाठले. दोघांनी लेटरहेडवर भाव दिला, साडेचार आणि पाच हजार. तिसरा म्हणाला, इंजिन एकटं द्या, बारा देतो. त्याच्याकडून काहीच लिहून घेतलं नाही. (हो, हा माझा झोल. कबूल करतो.) दोन कोटेशन, फोटो, उस्तादचं एस्टिमेट आणि एक पानी पत्र, सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. पत्रात शिव्या शून्य. शेवटी एक ओळ, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकील तर चालतच नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी तोच गोड आवाज. ‘‘सर, सॅल्व्हेज पाच हजार रिव्हाइज केलंय.’’ हातात पडले बारा हजार नऊशे. दुरुस्तीचे उरलेले तेहतीस हजार शंभर माझे. पिझ्झा आणि सिनेमा जरा महाग पडला.

मित्र म्हणाले, आयडीव्ही जास्त असता तर सगळे पैसे मिळाले असते. तेही खरं नाही. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या पार्ट्सवर पन्नास टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवरही पन्नास, आणि इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप सहसा कोणी देत नाही. तरी बराच बरा आकडा आला असता.

टोटल लॉस झाला की ती पॉलिसी तिथेच संपते. म्हणून गाडी उभी राहिल्यावर नवी काढायला निघालो. तीन कंपन्यांनी ओडी कव्हर द्यायलाच नकार दिला, थर्ड पार्टी घ्या म्हणाल्या. चौथीचा माणूस घरी आला. त्याने चेसिस नंबरचा फोटो काढला, क्रोमची बिलं पाहिली, दुरुस्तीची पाहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘आयडीव्ही किती टाकू, सर?’’

मी तोंड उघडायच्या आत गॅलरीतून आवाज आला, ‘‘एक लाख!’’

घासाघीस होऊन पंचाहत्तर हजारांवर जमलं. प्रीमियम बाबांनी स्वतः भरला, पावती घडी घालून आरसी बुकात ठेवली. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.