दोन घड्याळांची साक्ष

घरात दोन घड्याळे असली की वाद आलाच. आमच्या दिवाणखान्यातले घड्याळ म्हणते उशीर झाला, स्वयंपाकघरातले म्हणते चहाला अजून वेळ आहे. एवढ्यावरून कुणाची नोकरी जात नाही. पण गेल्या वर्षी नंदुरबारला भाच्याकडे गेलो, तेव्हा तसेही होऊ घातले होते.

तिथल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचे संगणक भाचा सांभाळतो. नोंदी ठेवणारे थोरले संगणक, म्हणजे सर्व्हर, दोन. मिरची वाळते त्या पथारीवरचा सर्व्हर वजनकाट्याची नोंद ठेवतो. पथारीच्या फाटकाची नोंद गावातल्या पेढीवरच्या सर्व्हरवर होते. एका संध्याकाळी मालमोटार 6.10 ला फाटकाबाहेर पडल्याची नोंद झाली, आणि तिचे वजन झाल्याची 6.17 ला! निघून गेलेल्या मोटारीचे वजन कसे होईल? चिठ्ठी खोटी ठरवून शेटजींनी काट्यावरच्या तरुण कारकुनाला घरी बसवले.

“मामा, पोरगा प्रामाणिक आहे हो,” म्हणत भाच्याने दोन्ही घड्याळे ताडून पाहिली. पेढीवरचे दहा मिनिटे मागे! मोटार गेली होती 6.20 ला.

संगणकातले घड्याळही आपल्या घड्याळासारखेच चुकते. दिवसाला पावणेदोन सेकंद मागे पडले, तरी वर्षाला दहा मिनिटांवर जाते. म्हणून सर्व्हरने अधूनमधून खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारायची असते. ही सोय इथे बंदच राहिली होती.

विचारण्याची रीत मोठी गमतीची आहे. स्टेशनवरचे घड्याळ पाहून यायला आपण मुलाला धाडले. जाऊन येऊन त्याला वीस मिनिटे लागली आणि तो म्हणाला, “दहा वाजलेत.” आपण घड्याळ दहावर लावणार नाही, परतीची दहा मिनिटे मिळवून दहा-दहावर लावू. सर्व्हरही हेच करतो, फक्त सेकंदाच्या बारीक अंशांत. 1985 सालापासून ही पद्धत रूढ आहे.

आता खात्रीचे घड्याळ कोणते? नंदुरबारचा सूर्य सरासरीने घड्याळाच्या 33 मिनिटे मागे चालतो, तेव्हा सूर्याला विचारून भागत नाही. 1 जानेवारी 1906 पासून भारताची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईकरांनी आपली 39 मिनिटे मागची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नव्हती! आज ही प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. 28 एप्रिल 2022 च्या सरकारी आदेशाने कंपन्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपले संगणक तिच्या वा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवायचे आहेत.

शेटजी मनाने मोठे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी स्वतः कारकुनाच्या घरी जाऊन त्यांनी त्याला परत आणले. चोपडीला हळदकुंकू वाहताना भाच्याला म्हणाले, “आधी घड्याळं जुळली का ते बघा, मग पूजा.”

वाचकहो, आपणही कुणावर ठपका ठेवण्यापूर्वी एवढे पाहावे.