आधी कृती, मग उभारी

बीडच्या मोंढ्यात पिढीजात पेढी चालविणारा एखादा आडत्या. पाऊस दगा देतो, उधारी थकते आणि कर्ता पुरुष दुकानात जाईनासा होतो. मुले मायेने म्हणतात, "बाबूजी, तुम्ही आराम करा, पेढी आम्ही पाहतो." त्या दिवशी त्यांना खरोखरच हायसे वाटते, आणि पेच येथेच आहे. टाळल्याने सुटका वाटते. सुटका वाटल्याने टाळण्याची सवय दृढ होते. घरात बसलेल्यास ना गिऱ्हाइकाचा रामराम लाभतो, ना सौदा पटल्याचे समाधान. उदासी खोल जाते.

कृतीचे फळ पुढील कृती घडविते, हे स्किनर यांच्या वर्तनवादाचे सूत्र. त्याच दिशेने पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात नैराश्याची मीमांसा केली: आयुष्यातील समाधान देणारे प्रसंग आटले, की माणूस खचतो. त्यातून विकसित झालेल्या उपचारात मन लागण्याची वाट पाहिली जात नाही. दिवसभरात काय केले व तेव्हा कसे वाटले, याची नोंद रुग्ण ठेवतो. व्यापाऱ्याला हा रोजमेळ नवा नाही. फक्त जमेला येथे रुपये नसतात. नोंदीवरून पुढची लहान कृती ठरते. पहिल्या दिवशी पेढीच्या ओट्यापर्यंत जाऊन परतणेही पुरेसे.

गोव्यात 'संगत' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा उपचार पारखला. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण त्यात होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तो दिला. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण सावरले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

"उठा, कामाला लागा" हा दटावणीचा सूर म्हणजे मात्र हा उपचार नव्हे. खचलेल्या माणसाला त्यातून अपराधीपणाच येतो. चालू औषधेही परस्पर बंद करू नयेत. सोयरिकीच्या धास्तीने आजार झाकणाऱ्या घरांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग दूर नाही. तेथवर जाण्याचाही संकोच असेल, तर शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तो रात्रीही लागतो. जीव नकोसा झाल्याचे बोल कानी पडले, तर तो त्याच घटकेला लावावा.