हा कुणाच्या बाजूनं?

मागच्या शनिवारी परभणीला घरी होतो. आजीसोबत 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा तिसरा भाग (२००७) हिंदीत पाहिला. खेकडे आख्खं जहाज वाहून नेतात, मग तेच जहाज समुद्रात उलटं होऊन दुसऱ्या जगातून वर येतं. आजी तोंडात बोटं घालून बघत होती! मधेच तिनं विचारलं, "हा कुणाच्या बाजूनं हाय रे?"

मला सांगता येईना. जॅक, विल, एलिझाबेथ, बार्बोसा, प्रत्येकाचा डाव वेगळा आणि दर पंधरा मिनिटांनी बदलणारा. २००३ च्या पहिल्या भागात सरळ होतं : शापाचं सोनं परत करायचं, बस्स.

गुंतागुंतीला माझी ना नाही. गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, कीर्तनकारही दहा गोष्टींतून फिरवून आणतो, पण मूळ अभंगावर परत येतो. तिथं आजीला काही विचारावं लागत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी काय वेगळं करतो म्हणा! दर रिलीजला नवी बटणं, मूळ काम कुठंय ते वापरणाऱ्यानं शोधावं.

असो. आजी अर्ध्यातच झोपायला गेली. शेवटची भोवऱ्यातली लढाई भारीच आहे, पण मी एकट्यानंच पाहिली.