रात्री तीनला पाणी जातं कुठे?

पाणीकपात जाहीर झाली की सल्ले सुरू होतात. शॉवर नको, बादली घ्या. ब्रश करताना नळ बंद ठेवा. बरोबरच आहे. पण रस्त्याखालचा फुटका पाइप कपात पाळतो का? त्याचा हिशेब आपल्याला कुणी देतं का?

हा हिशेब काढायची उत्तम वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. सबमिशनवाले सोडले तर सगळे झोपलेले असतात. एखाद्या भागाला पाणी देणाऱ्या मुख्य पाइपवर मीटर बसवायचा आणि त्या वेळचा सर्वांत कमी प्रवाह मोजायचा. त्यातून घरांचा खरा वापर वजा केला की उरते ती बहुतांश गळती. यासाठी एक ठोकताळा वापरतात: रात्री तासाभरात शंभरातली सहा माणसं उठतात आणि प्रत्येक जण १० लिटरचा फ्लश करतो. म्हणजे हजार घरांत चार हजार माणसं धरली, तर २४० फ्लश, २,४०० लिटर. मीटरवर तासाला १०,००० लिटर दिसले, तर ७,६०० लिटर मुरतंय कुठे ते शोधायला हवं.

आपल्याकडे मात्र हे गणित जसंच्या तसं चालत नाही. पाणी ठरावीक वेळीच येतं. बाकी वेळ पाइप रिकामा, मग गळती दिसणार कशी? जिथे रात्री पाणी येतं, तिथे लोक झोपलेले असले तरी टाक्या भरत असतात. त्यामुळे आपला रात्रीचा आकडा आपल्यालाच मोजावा लागेल. त्यासाठी २४ तास पाणी हवं, भागाला मीटर हवा आणि घरांनाही.

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ झोन पाडले गेले, मीटरही बसू लागले. मीटर म्हटलं की ‘बिल वाढणार’ ही भीती असते, आणि ती खोटी नाही. पण मीटर फक्त आपल्यावर नजर ठेवत नाही, तो पालिकेचीही चूक पकडतो. अट एकच, आकडे लोकांसमोर यायला हवेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. घरोघरी मीटर लावताय ना? मग प्रत्येक झोनचा रात्रीचा प्रवाहही दर महिन्याला जाहीर करा. आम्ही बादलीने अंघोळ करतो, तुम्ही पाइप दुरुस्त करा.

तोवर हॉस्टेलवाल्यांनो, एक काम करा. टाकीत पाणी येत नसेल अशा रात्री दोनला आणि चारला पातळी बघा. सगळे झोपलेले असतानाही ती भराभर उतरत असेल, तर सकाळी रेक्टरना गाठा.