मरळीला तलावात एक कोपरा ठेवा

वैशाखात सोलापूर जिल्ह्यातील पाझर तलाव आटू लागले की गाळ उपसण्याची लगबग सुरू होते. 2017 साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केल्यापासून या कामास गती आली. तलावाची साठवण वाढते व हलक्या जमिनीस कसदार माती मिळते. हे काम झालेच पाहिजे. मात्र त्याच गाळात जीव धरून असलेल्या मरळ माशाचा विचार सहसा कोणी करीत नाही.

मासा पाण्याबाहेर मरतो, हा आपला नित्याचा अनुभव. परंतु काही जाती यास अपवाद आहेत. कोकणातील खाड्यांच्या काठी ओहोटीच्या वेळी निवटी हा लहानसा मासा चिखलावर उड्या मारीत हिंडतो. ओली कातडी व तोंडातील ओलसर अस्तर यांच्या द्वारे तो हवेतील प्राणवायू घेतो आणि चिखलातील बिळात अंडी घालतो. आपल्या जिल्ह्यास खाडी नाही. पण हवेवर जगण्याची निराळी सोय आपल्या मरळीपाशी आहे. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेचे कप्पे असतात. ती वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा घेते. वर येण्यास अटकाव झाला तर ती पाण्यातच गुदमरते. उलट पाणी आटले तरी अंग ओले राहील अशा चिखलात ती तग धरते.

पावसाळ्यात मरळीची जोडी काठालगतचे पाणगवत बाजूस सारून जागा मोकळी करते. तेथे तरंगणारी अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पुढे तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसतो व आईबाप त्याची राखण करतात. नेमक्या याच वेळी गळ टाकणाऱ्यांना ते सहज सापडतात. राखण गेली की पिले इतर माशांच्या व बेडकांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

मरळ कटला-रोहूची बोटुकली खाते, अशी तक्रार कोणी करील. ती खरी आहे. ज्या तलावात पाणी टिकते व मत्स्यबीज सोडलेले आहे, तेथे मरळ नको. पण आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठणारे तलाव पुष्कळ आहेत. तेथे कटला-रोहू वाढण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. अशा पाण्यास साजेसा मासा मरळच होय. ती जिवंत विकता येते व भावही चांगला मिळतो.

म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गाळाचे काम आखताना अशा तलावातील सर्वांत खोल, ओलसर कोपरा न खणता राखावा. खोदाईत मरळ सापडल्यास ती ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या कोपऱ्यात वा जवळच्या पाण्यात सोडावी. पिलांचा थवा दिसेल तोवर तेथे गळ वा जाळे टाकू नये, असा ठराव ग्रामसभेने करावा. यास खर्च जवळजवळ नाही. एकदा जोडी नाहीशी झाली तर मात्र पुढील पावसाळ्यात तलाव भरूनही मरळ दिसणार नाही. गाळ शेतास द्यावा. त्यातील मासा तलावासच राहू द्यावा.