उपासाची खिचडी आणि रानसईचं पाणी

"रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, तरी सकाळी फास्टिंग शुगर १६०. ही साखर आली कुठून?" हा प्रश्न मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलाय. आणि बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं - "रात्री उठून फ्रीज उघडला असणार!" बिचारा पेशंट गप्प.

तर मंडळी, फ्रीज निर्दोष आहे. साखर यकृतातून आली. (मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण घरात डायबेटिसची फाइल जाडजूड झाली की माणूस आपोआप वाचायला लागतो.)

आम्हा उरणकरांना हे प्रकरण पाण्यावरून पटकन कळेल. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते जेमतेम ५ ग्रॅम. एक चमचा! हा झाला घरातला हंडा. आणि एकटा मेंदू दिवसाला १०० ते १२० ग्रॅम साखर पितो. म्हणजे हंडा सतत कुठूनतरी भरत राहायला पाहिजे. त्यासाठी गच्चीवर टाकी आहे, ती म्हणजे यकृत. त्यात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. स्नायूंची टाकी त्याहून मोठी, ३००-४०० ग्रॅमची. पण तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. आत गेलेली साखर त्या स्नायूनेच वापरायची, रक्तात परत सोडायची सोय नाही. आणि लांब डोंगरात रानसई धरण, म्हणजे चरबी. महिना-दीड महिना पुरेल एवढा साठा बहुतेकांच्या पोटावर असतो. (काहींच्या तर कोयना...)

ह्या सगळ्याचा वॉलमन म्हणजे इन्शुलिन. जेवलात की तो येतो आणि सांगतो - टाक्या भरून घ्या, धरणाचा दरवाजा बंद. खाणं थांबलं की तो निघून जातो, यकृत हळूहळू पाणी सोडायला लागतं, धरणाचा दरवाजा किलकिला होतो. साधारण दिवसभरात यकृताची टाकी रिकामी होत आली की ते प्रथिनांपासून नवी साखर बनवायला घेतं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबीचे कीटोन बनवून मेंदूलाही तेच पाजतं. भन्नाट डिझाइन आहे, बॅकअपला बॅकअप.

टाइप २ डायबेटिसमध्ये काय होतं, तर वॉलमन ओरडत असतो आणि कोणी ऐकत नाही. हंडा वाहतोय तरी यकृत रात्रभर पाणी सोडतच राहतं. ते सकाळचे १६०. (टाइप १ मध्ये वॉलमन जवळपास नसतोच. १९२१ साली टोरांटोत इन्शुलिन हाती लागेपर्यंत अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच डॉक्टरांकडचा उपाय होता. वाचूनच कसंतरी होतं.)

आता माझा मुद्दा. आपण 'उपास' म्हणतो त्याचा आणि शरीर ज्याला उपास म्हणतं त्याचा संबंध फार थोडा आहे. कोरडा साबुदाणा १०० ग्रॅम घेतला तर त्यात ८५ ग्रॅमच्या वर निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. वर बटाटा, सोबत रताळ्याचा कीस. यकृताला एकादशी कळत नाही. त्याला एवढंच कळतं की साखरेचा टँकर आला. आणि गंमत बघा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, रताळं - सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळानंतर आपल्याकडे रुजलेलं. कोलंबसाच्या आधी एकादशी करणाऱ्याला आपली खिचडी ओळखूसुद्धा आली नसती. तेव्हा "शास्त्रात सांगितलंय" हे खिचडीच्या बाबतीत तरी नको.

श्रद्धेने करणाऱ्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो "आज उपास आहे, शुगरला बरं" ह्या समजुतीला. २०१८ च्या सुमारास घरोघरी 'दीक्षित की दिवेकर' वाद रंगला होता, दोनदाच खायचं की दर दोन तासांनी. लोक हिरिरीने भांडले, पण जेवल्यावर ती साखर जाणार कुठे, हे फार कमी जणांनी विचारलं.

ती जाणार स्नायूंत. तिथे जागा असेल तर. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम आठवतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपण दिसायला सडपातळ, आत स्नायू कमी, चरबी जास्त. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांमध्येही त्यांना हेच दिसलं - वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५, पण कमी भरले ते स्नायू, चरबी नाही. धरण मोठं, टाकी लहान.

आता उरणचा विचार करा. मिठागरात मीठ ओढणं, शेतात लावणी, करंजाच्या बोटींवर जाळी खेचणं... ह्या कामात स्नायूंची टाकी रोज रिकामी व्हायची आणि रात्रीचा भात तिथे बिनबोभाट मावायचा. मग १९७० पासून जमिनी संपादनात गेल्या, १९८९ ला बंदर सुरू झालं, कामं आली ती केबिनमधली, गेटवरची, ट्रेलरच्या सीटवरची. (आणि माझ्यासारख्यांची, दिवसभर खुर्चीत.) भात तेवढाच राहिला, टाकी मात्र आधीच भरलेली. दोष तांदळाला देऊन कसं चालेल?

चांगली बातमी ही, की काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट बघत नाही, स्वतःच रक्तातून साखर ओढतो. वॉलमनचं कोणी ऐकत नसलं तरी हे दार उघडतं. म्हणून जेवणानंतर १५-२० मिनिटं चालणं, डायबेटिसवाल्यालासुद्धा, फुकटचं औषध आहे. नंतर शतपावलीला 'जुनं खूळ' म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हे लिहायला बसलो. खिचडीवाला उपास साखर वाढवतो, पण कडक उपास त्याहून धोक्याचा असू शकतो. मार्गशीर्षातले गुरुवार आपल्याकडे किती बायका करतात बघा. सकाळी सवयीने 'शुगरची गोळी' घेतात आणि संध्याकाळी पूजा होईपर्यंत पोटात अन्न नाही. ती गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर ती इन्शुलिन सोडायला लावते, जेवलात की नाही हे न बघता. म्हणजे टाक्या भरा हा हुकूम चालू आणि नळाला पाणीच नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. पण घरात किती जणांना आईच्या गोळीचं नाव माहीत असतं? 'ती पांढरी, सकाळची' एवढंच.

घाम सुटला, हात थरथरले, धडधड झाली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं की घरचे म्हणतात "उपासाने अशक्तपणा आलाय, पडून राहा". पडून राहायचं नाही! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची, मग खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. आणि उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारायचं, ह्या दिवशी गोळी किती आणि कधी. मनाने बंद करायची नाही, मनाने घ्यायचीही नाही.

आणि हो, साखर उपासाला चालते. आईने तेव्हा "माझा उपास मोडेल" म्हटलं तर तिला हे सांगता येतं.